तलाठी म्हणून रुजू होताय? आमच्या अप्पांचं थोडं ऐकून जा

2023 च्या भरतीतून लागलेली पोरं विचारतात, सर सज्जा (तलाठ्याकडं असलेला गावांचा भाग) मिळाला आता सुरुवात कुठून करू. परीक्षेला जमीन महसूल कायद्यातलं फेरफाराचं कलम 150 पाठ असतं हो, पण चावडीत दोन भाऊ एकमेकाच्या अंगावर धावून गेले की काय करायचं ते पुस्तकात नसतं. मी जे शिकलो ते आमच्या अप्पांकडून. रिटायर होईपर्यंत तलाठीच राहिले, मागच्या उन्हाळ्यात गेले, मातीला इतकी गर्दी की एखाद्या आमदाराला हेवा वाटावा.

सगळ्यात जास्त घोळ वारस नोंदीत होतो बघा. बाप वारला की पोरगं मृत्यूचा दाखला अन प्रतिज्ञापत्र घेऊन येतं, त्यात आई असते, भाऊ असतात, बहिणी गायब. अप्पा चिडायचे नाहीत, कागद बाजूला सारून चहा सांगायचे आणि सहज विचारायचे, "राखीला कोण येतं रे घरी?" पोरगं बोलता बोलता सांगून टाकायचं की थोरली जिंतूरला दिली, धाकटी पाथरीला. मग अप्पा पेन पुढं करायचे, "लिही की मग त्यांची बी नावं. नको असंल तर त्या सोडतील, तू कोण सोडणारा?" वडिलोपार्जित जमिनीत लेकींचा हक्क महाराष्ट्रात 1994 ला आला, देशभर 2005 ला, आणि हक्कसोडपत्र रजिस्टरच लागतं, बॉन्डवर सह्या घेऊन आणलेलं चालत नाही. फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद) धरल्यावर नोटीस, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार हे तुम्हाला माहितीये, पण अप्पा नोटीस काढून गप बसायचे नाहीत तर त्या बहिणींना स्वतः फोन लावायचे, यापायी गावातल्या बड्या लोकांशी वाकडं बी यायचं.

पिकाच्या नुकसानीच्या पंचनाम्याचं पण तसंच. महसूल मंडळात (काही सज्ज्यांचा मिळून गट) 24 तासांत 65 मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, नुकसान 33 टक्क्यांच्या पुढं असलं तर मदत, एवढं सोपं वाटतं. पण कुणीतरी पुढारी तयार यादी घेऊन येतो, म्हणतो भाऊसाहेब चिखलात कशाला जाता, सही करा. अप्पा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून वावरात शिरायचे, सोयाबीनच्या शेंगा फोडून दाण्याला कोंब आलाय का, काळा पडलाय का ते बघायचे आणि तिथंच बांधावर लिहायचे. त्यामुळं ज्याचं वावर नाल्याच्या पार टोकाला आहे अन ज्याला कुणी विचारत नाही त्याचं नाव बी यादीत यायचं. (बटईवाल्याला, म्हणजे दुसऱ्याचं वावर वाट्यानं करणाऱ्याला, मात्र मदत मिळत नाही कारण सातबारा मालकाचा, याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता, मला बी आहे.)

आपल्या मराठवाड्यात अजून एक भानगड म्हणजे निजामाच्या काळातलं रेकॉर्ड. इनामी जमीन असली तर जुने कागद उर्दूत, सातबाऱ्यावर वर्ग 2 चा (परवानगीशिवाय विकता येत नाही असा) शेरा कधी असतो कधी गायब, आणि लोक त्यावर प्लॉटिंग करून मोकळे. खरेदीखत आलं की लगेच फेरफार धरू नका, आधी तहसीलमधून 1954 च्या खासरा पत्रकाची (तेव्हा कुठली जमीन कुणाकडं होती त्याची जुनी नोंद) नक्कल काढून नाव अन क्षेत्र जुळवा.

चार्ज घेताना दप्तराची यादी करून सही घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात कोतवालाला सोबत घेऊन सगळं शिवार पायी फिरून या, कुठला रस्ता कुणी अडवलाय ते त्यालाच माहिती असतं.