मुलाच्या अरबी नावाचा खरा अर्थ आणि ते किती चालतंय हे कसं शोधायचं

एखादं नाव आवडलं की आपण लगेच सर्च मारतो आणि समोर ढीगभर बेबी नेम वेबसाइट येतात, सगळीकडे तोच एका ओळीचा अर्थ, कारण बहुतेकांनी एकमेकांचाच उचललेला असतो. पोराला ते नाव जन्मभर लावायचंय, त्यामुळे कृपा करून तिथेच थांबू नका, एका संध्याकाळचं काम आहे आणि त्यात मजाही येते.

पहिलं काम म्हणजे ते नाव अरबी लिपीत कसं लिहितात ते शोधायचं. हे सोडून पुढे गेलात तर बाकी सगळं हवेत. देवनागरीत किंवा इंग्लिशमध्ये लिहिलं की अरबीतली वेगवेगळी अक्षरं एकाच अक्षरात कोंबली जातात. आता अमीर आणि आमिर घ्या, अमीर अलिफ या अक्षराने लिहितात, अर्थ सरदार, हुकूम देणारा. आमिर ऐन या दुसऱ्या अक्षराने, अर्थ भरभराटीचा, नांदता. इंग्लिश स्पेलिंग बऱ्याचदा दोघांचं एकच. त्याहून भारी उदाहरण हामिदचं. अरबीत ‘ह’ दोन आहेत, एक घशातून येणारा आणि एक आपल्यासारखा साधा. घशातल्या ‘ह’ने हामिद म्हणजे स्तुती करणारा, आणि साध्या ‘ह’ने तोच शब्द लिहिला तर अर्थ होतो विझलेला, निर्जीव! म्हणून म्हणतेय, आधी अक्षरं बघा. सोपा उपाय असा की विकिपीडियावर त्या नावाच्या एखाद्या अरब माणसाचं पान उघडायचं, पहिल्याच ओळीत साधारणपणे अरबी लिपीतलं नाव असतं, ते कॉपी करून ठेवा.

मग मूळ शोधायचं. अरबीतले बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळावर उभे असतात आणि त्या मुळाभोवती स्वर बदलले किंवा एखादं अक्षर जोडलं की नवा शब्द तयार होतो, हे बदल ठरलेल्या साच्यांत होतात. ह-म-द या मुळाचा अर्थ स्तुती, त्यातून मुहम्मद, अहमद, महमूद, हामिद, हमीद ही सगळी नावं निघाली, म्हणजे एकाच घरातली भावंडंच. हे साचे एकदा लक्षात आले की अर्थ आपोआप दिसायला लागतो. हामिद, कासिम, नासिर या साच्यातली नावं ‘करणारा’ सांगतात: कासिम वाटून देणारा, नासिर मदत करणारा. महमूद, मन्सूर या साच्यात उलटं, ज्याची स्तुती केली जाते तो, ज्याला मदत मिळाली आणि म्हणून जो जिंकला तो. आणि हुसैन हे हसनचं लाडाचं, छोटं रूप.

मूळ कळलं की डिक्शनरी. हान्स वेअरची अरबी-इंग्लिश डिक्शनरी मुळांप्रमाणेच लावलेली आहे, त्यामुळे तीन अक्षरं माहीत असली की पान सापडतं. इथे बऱ्याच गोड अर्थांची हवा निघते. अयान बघा, सगळीकडे ‘देवाची देणगी’ लिहिलेलं असतं, पण त्याच्या जवळचे अरबी शब्द ऐन-ये-नून या मुळातले आहेत आणि तिथे डोळा, डोळ्यांनी बघणं, प्रतिष्ठित लोक असे अर्थ मिळतात, देणगी कुठेच नाही. देणगीसाठी अरबीत अता आहे, अताउल्लाह म्हणजे अल्लाहची देणगी. अयान वाईट आहे असं अजिबात नाही, आवडलं तर खुशाल ठेवा, फक्त खरा अर्थ माहीत असू द्या. आणि मूळ सापडतच नसेल तर नाव अरबी नसू शकतं. इब्राहिम, युसुफ अरबीत हिब्रूकडून आलेली, फिरोज, जहांगीर फारसी.

आता पॉप्युलॅरिटी. ‘जगात खूप फेमस’ असल्या वाक्यांवर जाऊ नका, सरकारी आकडे बघा. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवाले, म्हणजे पेन्शन बघणारं सरकारी खातं, 1880 पासूनची नावं देतात, वर्षात 5 पेक्षा कमी मुलांना दिलेलं नाव त्यात दिसत नाही, म्हणजे लिस्टमध्ये नाही याचा अर्थ कुणाचंच नाही असा होत नाही. इंग्लंड आणि वेल्सचे आकडे तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय देतं, आणि खरी गोम इथे आहे: प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतात. 2023 मध्ये तिथे मुलांमध्ये मुहम्मद पहिल्या नंबरवर आलं, 4,661 मुलं, पण ते फक्त एका स्पेलिंगचं, त्याच नावाची आणखी दोन स्पेलिंगं पहिल्या शंभरात वेगळी होती. म्हणून तुमच्या नावाची जेवढी स्पेलिंगं सुचतील तेवढी कागदावर लिहा, प्रत्येकाचा आकडा काढा आणि बेरीज करा. रँकची बेरीज होत नाही, मुलांच्या संख्येची होते. शिवाय एकच वर्ष नको, पाच-दहा वर्षं बघा, चढतंय की उतरतंय ते तेव्हाच कळतं.

दुसऱ्या देशांत तेच नाव वेगळ्या वेशात असतं हेही धरा. तुर्कीत मुहम्मदचं मेहमेत होतं, उस्मानचं ओस्मान, पश्चिम आफ्रिकेत मामादू. आणि बऱ्याच मुलांचं कागदावरचं पहिलं नाव मुहम्मद असतं पण हाक मारतात दुसऱ्याच नावाने, त्यामुळे लिस्टमध्ये वर असलेलं नाव वर्गात तेवढ्यांदा ऐकू येईलच असं नाही.

अब्दुलने सुरू होणारं नाव ठरवत असाल तर ते तोडू नका. अब्द म्हणजे दास आणि ‘उल’ पुढच्या शब्दाला जोडणारा तुकडा, त्यामुळे नुसतं अब्दुल म्हणजे ‘...चा दास’, अर्धं वाक्य. अब्दुल करीम म्हणजे करीमचा, त्या उदार अल्लाहचा दास, तेव्हा फॉर्म भरताना दोन्ही शब्द पहिल्या नावाच्याच रकान्यात लिहा, नाहीतर करीम आडनावात जाऊन बसतं आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच चालू राहतं.