फ्लाइट कमी, तिकीट महाग: नाशिकच्या होमस्टेवाल्यांनी आणि गाडीवाल्यांनी नेमकं काय करायचं

ओझरची, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरची, एखादी फ्लाइट बंद झाली किंवा तिकिटं एकदम वर गेली की आपल्या धंद्यात लगेच रेट पाडायला सुरुवात होते, शेजारच्याने ३०० कमी केले म्हणून आपण ४०० कमी करायचे, आणि महिन्याभराने सगळेच रडत बसतात. हे थांबावं म्हणून लिहितोय. मी त्र्यंबक रोडला छोटा होमस्टे चालवतो, गाडीवाले, गाइड, हॉटेलवाले सगळे रोजच्या ओळखीतले, त्यामुळे खाली जे आहे ते मोठ्या रिसॉर्टसाठी नाही, दोन-चार खोल्या किंवा एक-दोन गाड्या असणाऱ्यांसाठी आहे.

आधी बघा तुमचा पाहुणा येतो कशाने

नाशिकला येणारा बहुतेक माणूस गाडीने नाहीतर ट्रेनने येतो. मुंबई, ठाणे, पुणे, आणि सापुतारा-वणीकडून उतरणारी गुजरातची मंडळी. विमानाने येणारे मोजकेच, पण ते कोणत्या वारी येतात हे बघायचं. शनिवार-रविवार मुंबईकरांनी भरतो, त्याची काळजी नसते, पण मंगळवार-बुधवारी जी खोली लागते ती बऱ्याचदा बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीच्या माणसाची असते, तो एका रात्रीसाठी येत नाही, गाडी पण आपल्याकडूनच घेतो, दोन्ही वेळ जेवतो पण आपल्याकडेच. म्हणजे फ्लाइट कमी झाली की डोकी थोडीच कमी होतात पण मधल्या वारांच्या रात्री जातात, आणि खर्च तर रोजचाच असतो, भांडी घासणाऱ्या मावशींचा पगार काय वीकेंडपुरता नसतो.

म्हणून पहिलं काम, गेल्या वर्षाचं बुकिंगचं रजिस्टर काढा नाहीतर व्हॉट्सॲपचे जुने मेसेज चाळा, आणि प्रत्येक बुकिंगपुढे चार गोष्टी लिहा: कुठून आले, उतरले कुठे, किती रात्री राहिले, कशासाठी आले. "उतरले कुठे" हा रकाना सोडू नका. विमानाने आलेला प्रत्येक जण ओझरलाच उतरला असं आपण धरून चालतो, पण खूप जण शिर्डीला किंवा मुंबईला उतरून गाडीने आलेले असतात. तसं असेल तर ओझरची एक फ्लाइट गेल्याने तुमचं फार बिघडत नाही आणि उलट शिर्डीची एक बंद झाली तर बिघडतं, आणि आपलं लक्षच नसतं तिकडे.

"कशासाठी" हा रकाना तर सगळ्यात कामाचा. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीला येणारा पाहुणा बघा, पूजा ३ दिवसांची, तारीख गुरुजींनी मुहूर्त बघून दिलेली, घरातली मोठी माणसं बरोबर. हा माणूस तिकीट महागलं म्हणून येणं रद्द करत नाही, तो मार्ग बदलतो. त्याला सूट नको असते, वेळेत पोचायची खात्री हवी असते. याउलट द्राक्षाच्या सीझनला म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये वायनरी बघायला येणारी बेंगळुरूची जोडपी, त्यांची तारीखही सैल आणि ठिकाणही सैल, तिकीट वाढलं की ते कूर्गला गाडीने जातील. हे पहिले गळतात. एकाच ऑफरने दोघांना धरायला गेलात तर दोघंही जातात.

फ्लाइट जातात का, आणि आपल्याला आधी कसं कळेल

नाशिकला हे नवीन नाहीये. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजची दिल्ली फ्लाइट सुरू झाली, लोक खूश, आणि एप्रिल २०१९ मध्ये ती कंपनीच बंद पडली. छोटी शहरं विमानाने जोडायच्या उडान योजनेत छोट्या रूटला सरकारची मदत असते पण साधारण ३ वर्षं, ती संपली की रूट स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, नाही राहिला तर कंपनी ते विमान दुसरीकडे लावते. त्यात छोट्या शहरांच्या रूटवर बऱ्याचदा ७०-७८ सीटचं एटीआर नावाचं छोटं पंख्याचं विमान असतं आणि दिवसाला एकच फेरी. ती एक गेली की त्या शहराचा आपल्याशी थेट संबंधच तुटतो. फेरी पूर्ण बंद न होता आठवड्यात सातच्या चार झाल्या तरी भाव चढतोच, कारण स्वस्तातल्या सीट आधी विकल्या जातात, मागणी तेवढीच आणि सीट कमी म्हटल्यावर उशिरा बघणाऱ्याला फक्त महागातल्याच दिसतात. इंधनाचं तर सगळ्यांना माहितीय, कंपनीच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा त्याचा, आणि विमानाच्या इंधनाचे दर दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात.

आता हे कळणार कसं. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि मार्चचा शेवटचा रविवार. या दोन तारखा कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्याच्या महिनाभर आधी ओझर, शिर्डी आणि मुंबई, तिन्हीकडच्या तुमच्या पाहुण्यांच्या शहरांच्या फ्लाइट बघा, नवीन तारखांना बुकिंग उघडंच नसेल तर समजा काहीतरी हलणार आहे. आणि दर सोमवारी चहा घेताना तीन भाव वहीत लिहा: तीन आठवड्यांनंतरचा बुधवार, त्याच आठवड्यातला शनिवार, आणि पुढचा मोठा वीकेंड. दोन महिन्यांत तुम्हाला स्वतःलाच अंदाज यायला लागतो, मग कोणाच्या फॉरवर्डवर विसंबावं लागत नाही.

रेट का पाडायचा नाही

हा हिशोब एकदा कागदावर करून बघाच. समजा चौघांचं कुटुंब आहे आणि तिकीट एका बाजूला माणशी २,००० ने वाढलं. जाऊन-येऊन चौघांचे १६,००० जास्त. आता तुम्ही खोलीचा रेट रात्रीला ५०० ने पाडलात, दोन रात्री, म्हणजे त्याचे १,००० वाचले. १६,००० पुढे १,००० त्याला दिसतात तरी का? त्याचा निर्णय तुमच्या त्या सवलतीने बदलत नाही, फक्त जो तसाही येणारच होता त्याच्याकडून तुम्हाला कमी मिळतात. आणि एकदा पाडलेला रेट वर न्यायला किती जड जातं ते सगळ्यांना माहितीय.

पण तेच १६,००० दुसऱ्या बाजूने बघा. दोन रात्री राहिला तर प्रवासाचा हा जादा बोजा रात्रीला ८,००० पडतो, चार रात्री राहिला तर ४,००० वर येतो. म्हणजे महाग तिकीट काढून येणाऱ्याला स्वस्त खोली विकायची नाही, जास्त दिवस विकायचे. तिसरी आणि चौथी रात्र थोडी कमी दराने द्या, पहिल्या दोन नाही. आणि त्या दिवसांत करायचं काय हे आपण सांगायचं, कारण बाहेरच्याला नाशिक म्हणजे पंचवटी, त्र्यंबक आणि एखादी वायनरी, दीड दिवसात झालं असं वाटतं. त्याला सांगा, तिसऱ्या दिवशी पहाटे निघून नांदूर मधमेश्वरला जा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा आहे, थंडीत पाणपक्ष्यांनी भरलेलं असतं, चापडगावला दुर्बीण घेऊन दोन तास कसे जातात कळत नाही, येताना निफाडला गरम मिसळ. चौथ्या दिवशी सप्तशृंगी गड, आईवडील बरोबर असतील तर फ्युनिक्युलर ट्रॉलीने वर, पायऱ्यांची चिंता नाही. किंवा सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर, इतकं सुंदर कोरीव काम आणि आपलेच निम्मे लोक आत गेलेले नसतात. हे बुकिंगच्या आधी सांगायचं बरं का, आल्यावर नाही, कारण परतीचं तिकीट तो आधीच काढून बसलेला असतो.

रस्ता आपण शोधून द्यायचा

पाहुणा "नाशिक फ्लाइट" असं शोधतो, महाग दिसलं की दुसऱ्या गावाचा विचार करतो. त्याला माहितीच नसतं की शिर्डी एअरपोर्टहून नाशिक गाडीने साधारण दोन तासांवर आहे, किंवा मुंबईला उतरलं तर कसाऱ्याचा घाट टाळता येतो, कारण समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ पण सुरू झालंय, त्याचे भाव वेगळे बघायला सांगा. दिल्लीवाल्याला सांगा की सीएसएमटी-निजामुद्दीन राजधानी नाशिकरोडला थांबते, रात्रभर झोपून या. हैदराबादवाल्याला देवगिरी एक्सप्रेस आहे. फक्त ट्रेनचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, म्हणून तो विचारतो त्याच दिवशी तारीख मोजून सांगा की अमुक दिवशी सकाळी बुकिंग उघडेल, त्या दिवशी एक आठवणीचा मेसेज टाका.

कसा मेसेज टाकायचा ते मी देतो, यात तुमचे आकडे घाला, हवं तर हिंदीत करा:

"नमस्कार, तुमचं १२ तारखेचं बुकिंग कन्फर्म आहे. ओझरची फ्लाइट मिळाली नाही किंवा महाग वाटली तर शिर्डी किंवा मुंबईला उतरा, तिथून गाडी आम्ही पाठवू, भाडं टोलसकट आत्ताच सांगतो, नंतर वाढणार नाही. एअरलाइनने फ्लाइट कॅन्सल केली तर तो मेसेज आम्हाला पाठवा, ॲडव्हान्स सहा महिने तसाच राहील, तारीख बदलून घ्या, जादा पैसे नाहीत. पोचायला कितीही उशीर झाला तरी जेवण झाकून ठेवू."

यातलं ॲडव्हान्सचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या फ्लाइट देशभर रद्द झाल्या, सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली, ५०० किमीपर्यंत ७,५०० आणि १,००० किमीपर्यंत १२,०००, तेव्हापासून लोक धास्तावलेत. तिकिटाचं ठीक आहे, कंपनीने स्वतः फ्लाइट रद्द केली तर डीजीसीएच्या, म्हणजे विमानसेवेवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमाप्रमाणे पर्यायी फ्लाइट किंवा रिफंड मिळतो, पण खोलीचे पैसे बुडतील ही भीती राहते. ती आपण काढली की बुकिंग होतं. पैसे परत देणं छोट्या माणसाला जड जातं हे मला मान्य आहे, म्हणून रिफंड नाही, तारीख बदलून द्या. यात फसवणारे फार थोडे निघतात.

गाडीवाल्यांसाठी वेगळं

ओझरचं पिकअप कमी झालं की एअरपोर्टवर उभी राहणारी गाडी बसून राहते, पण तोच पाहुणा मुंबईला उतरला तर भाडं कितीतरी मोठं. अडचण एकच, एका बाजूने गाडी रिकामी. यावर उपाय म्हणजे आठ-दहा गाडीवाल्यांनी आणि होमस्टेवाल्यांनी मिळून एक ग्रुप करायचा, त्यात गप्पा नाहीत, गुड मॉर्निंग नाही, फक्त तारीख, वेळ, कुठून कुठे, किती सीट. मुंबईला ड्रॉप घेऊन जाणाऱ्याला येताना दुसऱ्याचा पाहुणा मिळाला की दोघांचंही भाडं कमी सांगता येतं आणि ड्रायव्हरचंही सुटतं. मात्र एक पाळा, रात्रभर चालवून आलेल्या ड्रायव्हरला सकाळी लगेच त्र्यंबकला पाठवू नका, पाहुणा थांबला तरी चालेल.

महाग तिकिटाचा फायदा पण होतो

हे कोणी बोलत नाही. गोव्याचं, केरळचं तिकीट परवडत नाही असं झालं की मुंबई-पुण्याचं कुटुंब गाडी काढून तीन-चार तासांत पोचेल असं ठिकाण बघतं, म्हणजे आपण. हा पाहुणा गुरुवारी रात्री ठरवतो आणि शनिवारी सकाळी दारात असतो. त्याला विचारायचं असतं पार्किंग आहे का, पोरांना खेळायला जागा आहे का, आजीला खालची खोली मिळेल का. ही उत्तरं फोटोसकट तयार ठेवा, पाच मिनिटांत पाठवा, तो तेव्हाच चार ठिकाणी विचारत असतो. शनिवारी सूट द्यायचीच नाही, खोली तशीही भरते. सूट रविवारच्या रात्रीला द्या, सोमवारी पहाटे पाचला चहा देऊन सोडतो म्हणा, ऑफिसला वेळेत पोचता आणि रविवार संध्याकाळचा ट्रॅफिक टळतो. ज्या मधल्या रात्री विमानवाल्यांमुळे गेल्या त्यातली एक तरी अशी भरून निघते.

सिंहस्थ कुंभमेळ्याचं आत्तापासून बघा

ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७, दुसरं ३१ ऑगस्ट, तिसरं नाशिकला ११ आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबर. २०२५ च्या प्रयागराज कुंभात तिकिटं कुठल्या कुठे गेली होती, आपल्याकडेही या तारखांना तेच होणार असं धरून चाला. त्यामुळे स्नानाला न येणाऱ्या पाहुण्याला, म्हणजे वायनरीवाल्या, पक्षी बघणाऱ्या, नुसतं आराम करायला येणाऱ्या माणसाला आत्ताच सांगून टाका की या तारखा सोडून ये, रस्ते बंद असतील, तिकीट महाग असेल, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ये. आणि स्नानाला येणाऱ्या भाविकाला तिकिटासारखाच चौपट रेट लावू नका, मनापासून सांगतोय, तो माणूस पुण्य मिळावं म्हणून पै-पै जमवून येतो आणि गावी जाऊन नाशिकचं नाव सांगतो.

आणि आज रात्रीच करता येईल असं एक काम, गूगल मॅपवर तुमच्या जागेची जी माहिती आहे ती उघडा, "ओझर एअरपोर्टपासून इतके किमी" एवढंच लिहिलेलं असेल तर त्याच्या खाली शिर्डी एअरपोर्ट, मुंबई एअरपोर्ट आणि नाशिकरोड स्टेशनपासूनचं अंतर, लागणारा वेळ आणि गाडीचं भाडं टाका, भाडं दर तीन महिन्यांनी तपासा.