पाणाड्याकडून पॉइंट घेताय? आधी एवढं तपासून बघा

विहीर आटली की घरात बोअरचा विषय निघतो आणि लगेच कुणीतरी सांगतं की अमक्या गावच्या पाणाड्याला बोलवा, तळहातावर नारळ ठेवून रानात फिरतो, खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, आमच्या मामांना त्यानेच पॉइंट काढून दिला. मामांना पाणी लागलंही असेल, पण कर्ज काढून बोअर मारायचा असेल तर नुसत्या मामांच्या शब्दावर जाऊ नका.

सगळ्यात आधी वही घ्या आणि गावातले बोअर लिहून काढा. पाणाड्याच्या पॉइंटवर किती लागले, किती फेल गेले (फेल गेलेल्यांबद्दल कुणी आपणहून बोलत नाही, खोदून विचारावं लागतं) आणि पाणाड्याला न विचारता मारलेले किती लागले. हा तिसरा आकडा कुणीच बघत नाही आणि खरी गोम तिथेच आहे. ओढ्याकाठच्या रानात कुठेही भोक पाडलं तरी बऱ्याचदा थोडंफार पाणी लागतं, मग ते नारळामुळे लागलं म्हणायचं का जमिनीमुळे?

मग पाणाड्यालाच नीट मान देऊन विचारा, परीक्षा देणार का? त्याने पॉइंट दाखवला की तिथे खूण करा, नंतर डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच रानात परत फिरवा, पुन्हा त्याच जागी थांबतो का बघा. दुसरी परीक्षा, दहा झाकलेले डबे, एकात पाणी, बाकीच्यात तेवढ्याच वजनाची वाळू. पाणी कुठल्या डब्यात आहे हे त्याच्यासोबत उभ्या असलेल्या माणसालाही माहीत नको, कारण नजरेवरून कळतं. दर वेळी डबे बदलून दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने साधारण एकदा बरोबर येईलच, म्हणून किती वेळा आलं तर मानायचं हे आधी ठरवून दोघांनी कागदावर लिहा, नंतर वाद नको.

आणि तो फेल झाला म्हणून त्याला लबाड म्हणू नका. १८५३ साली इंग्लंडमध्ये मायकल फॅरेडे या शास्त्रज्ञानं असंच एक प्रकरण तपासलं होतं. लोक टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल आपोआप फिरतं म्हणायचे. त्याने हातांखाली पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक मऊ चिकट पदार्थाने लावले आणि टेबल सरकल्यावर बघितलं तर वरचे पुठ्ठे खालच्यापेक्षा जास्त पुढे गेलेले, म्हणजे आधी हात हलले आणि मग टेबल. ती माणसं खोटं बोलत नव्हती, आपणच ढकलतोय हे त्यांना कळतच नव्हतं. नारळाचं आणि काही पाणाडे हातात धरतात त्या कडुलिंबाच्या फांदीचं तेच होतं.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, त्यात पाणी राहतं ते भेगांत, मुरमात नाहीतर दोन थरांच्या मधल्या सांध्यात. म्हणून शेजारच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं, कुठला खडक निघाला हे विचारा, मे महिन्यात आसपासच्या विहिरींची पातळी दोरी सोडून मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्ह्याला ऑफिस असतं, तिथे जाऊन विचारा. मशीन लावणारा भूवैज्ञानिक आला तरी प्रश्न तोच, रीडिंग दाखवा आणि आधीचे किती पॉइंट चुकले ते सांगा. डिग्री आहे म्हणून सूट नाही.

बोअर झाल्यावर बोअरच्या गाडीवाला म्हणेल दोन इंच पाणी आहे (पाणी किती येतं ते हे लोक इंचात सांगतात). तेही तसंच मानू नका. मोटर टाकून काही तास चालवा, मग दोनशे लिटरचा ड्रम लावा आणि मोबाईलवर वेळ बघा, शंभर सेकंदांत भरला तर तासाला सात हजार दोनशे लिटर. ऐन उन्हाळ्यात परत मोजा आणि त्या आकड्यावर ऊस लावायचा का ज्वारी ते ठरवा.