तपास चालू असलेल्या संघाविषयीचे तर्क कसे पारखावेत

अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या संघाची एनसीएएने (तेथील कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेने) चौकशी सुरू केली, की निकाल लागेपर्यंतचा सगळा काळ चाहत्यांना तर्कवितर्कांच्या आधारावर काढावा लागतो. विजेतेपद जाणार, प्रशिक्षकांची हकालपट्टी होणार, संघच बंद पडणार, असे रोज काहीतरी कानावर येते. आपल्या संघावर मनापासून प्रेम करणाऱ्याची या काळात फार ओढाताण होते. म्हणूनच ऐकलेल्या गोष्टी कशा पारखाव्यात, हे येथे मुख्यतः मिशिगन विद्यापीठाच्या प्रकरणाच्या आधारे सांगतो.

सर्वांत आधी आरोप नेमक्या कोणत्या नियमाच्या भंगाचा आहे, हे समजून घ्यावे, कारण निम्मे तर्क येथेच गळून पडतात. कॉलेजच्या सामन्यात मैदानाच्या कडेला उभी असलेली प्रशिक्षक मंडळी हातवारे करून आणि चित्रांचे मोठे फलक उंचावून क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, पुढची चाल कळवत असत. हेल्मेटमधील रेडिओला मुभा मिळाली ती 2024 च्या हंगामात. समोरच्या संघाच्या या खुणा सामना चालू असताना नुसत्या डोळ्यांनी ओळखल्या, तर तो गुन्हा ठरत नाही. बंदी आहे ती ज्या संघाशी त्या हंगामात पुढे गाठ पडायची आहे, त्याचे इतर सामने प्रत्यक्ष जाऊन हेरण्यावर, आणि ही बंदी 1994 पासूनची आहे. मिशिगनचा कर्मचारी कॉनर स्टॅलियन्स याच्यावर आरोप होता तो असा, की त्याने तिकिटे काढून आपली माणसे प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना बसवली आणि त्यांच्याकडून खुणांचे चित्रीकरण करून घेतले. त्यामुळे ‘खुणा तर सगळेच चोरतात’ हा बचाव कितीही पोटतिडकीने मांडला गेला, तरी तो मुद्द्याला धरून नव्हता.

यानंतर प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. प्राथमिक चौकशी, लेखी आरोपपत्र, त्यावर विद्यापीठाचे उत्तर, समितीपुढील सुनावणी आणि निकाल असा हा क्रम असतो. मिशिगनच्या चौकशीची बातमी ऑक्टोबर 2023 मध्ये आली, आरोपपत्र ऑगस्ट 2024 मध्ये मिळाले, सुनावणी जून 2025 मध्ये झाली आणि निकाल 15 ऑगस्ट 2025 रोजी लागला. आरोपपत्र हातात पडण्यापूर्वी कोणी शिक्षेचा आकडा छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. येथे एक फरक ध्यानात ठेवावा, तो म्हणजे बिग टेन ही परिषद, म्हणजे मिशिगन ज्यात खेळते तो विद्यापीठांचा गट, एनसीएएहून वेगळी आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना तीन सामन्यांसाठी मैदानाबाहेर ठेवले ते बिग टेनने, आणि तेव्हा एनसीएएचा निकाल यायला दीड वर्षाहून अधिक काळ बाकी होता.

मूळ चुकीइतकेच, माझ्या मते तिच्याहूनही अधिक, लक्ष लपवाछपवीकडे द्यावे. एनसीएएला न्यायालयासारखे समन्स काढता येत नाही. तिची सारी भिस्त सभासद विद्यापीठांच्या सहकार्यावर असते, आणि म्हणून असहकार ती फार कठोरपणे मोजते. स्टॅलियन्सने आपला फोन तळ्यात फेकल्याचे निकालात नोंदलेले आहे. ओहायो स्टेटचे जिम ट्रेसल यांना मे 2011 मध्ये राजीनामा द्यावा लागला, तोही खेळाडूंनी नियम मोडून स्मृतिचिन्हांच्या बदल्यात टॅटू काढून घेतल्याचे ठाऊक असूनही त्यांनी ते वर कळवले नाही म्हणून.

शिक्षेचा अंदाज बांधताना जुने दाखले काळ पाहून वापरावेत. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा 1987 चा हंगामच रद्द झाला होता, ही आठवण प्रत्येक चौकशीत निघते. पण त्यानंतर मोठ्या विभागातील एकाही फुटबॉल संघाला ती शिक्षा झालेली नाही. अलीकडे तर ज्यांनी काही केले नाही अशा आजच्या खेळाडूंना झळ बसू नये, हा विचार बळावला आहे. 2023 मध्ये टेनेसीला 80 लाख डॉलरांहून अधिक दंड झाला, पण बाऊल सामन्यांवर, म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांत होणाऱ्या मानाच्या सामन्यांवर, बंदी आली नाही. मिशिगनलाही जबर आर्थिक दंड आणि चार वर्षांचे प्रोबेशन (देखरेखीचा काळ) मिळाले. हार्बॉ आणि स्टॅलियन्स यांच्यावर वर्षानुवर्षांचे निर्बंध आले, मात्र हंगामोत्तर सामन्यांची दारे संघाला उघडीच राहिली.

विजय रद्द होण्याविषयी ऐकले, की एकच प्रश्न विचारावा: अपात्र, म्हणजे नियमांनुसार खेळण्याचा हक्क नसलेला, खेळाडू मैदानात उतरला होता का? सदर्न कॅलिफोर्नियाचे 14 विजय 2010 मध्ये पुसले गेले, कारण त्यांचा खेळाडू रेजी बुश अपात्र ठरला होता. मिशिगनच्या खुणांच्या प्रकरणात खेळाडूंच्या पात्रतेचा प्रश्न नव्हता, आणि जानेवारी 2024 मध्ये वॉशिंग्टनला 34–13 असे हरवून मिळवलेले विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले.

शेवटी विद्यापीठ स्वतःहून काय करते आहे ते बारकाईने पाहावे, कारण आतल्या लोकांना धोका किती मोठा वाटतो याची खूण तेथेच सापडते. मायामीने 2011 आणि 2012 या दोन्ही हंगामांत बाऊल सामन्यांवर स्वतःच पाणी सोडले, आणि 2013 च्या निकालात त्यांच्यावर नवी बाऊलबंदी आली नाही. ओहायो स्टेटने मात्र 2011 च्या सामान्य हंगामानंतरही गेटर बाऊल खेळण्याचे ठरवले. डिसेंबर 2011 मध्ये एनसीएएने त्यांच्यावर पुढच्या वर्षाची बंदी घातली, आणि 2012 मध्ये बाराच्या बारा सामने जिंकलेला तो संघ नोव्हेंबर संपताच घरी बसला.