ट्रेकची सॅक घेताय? लिटर नंतर बघा, आधी पाठ मोजा

दिवाळी झाली की मला फोन सुरू होतात. "ताई, ५० लिटरची घेऊ की ६०?" पाठीची लांबी किती, हे सांगणारा अजून एकही भेटलेला नाही. सॅक लिटरवर, म्हणजे आत किती मावतं यावर घ्यायची असते, हा समज डोक्यातून काढून टाका. दर हंगामात निदान चार जणांचे खांदे मी याच पायी सोललेले बघते.

माझ्या भाचीचंच सांगते. रतनवाडीहून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत आणि तिथून पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, असा बेत होता. ती आली ६५ लिटरची सॅक घेऊन. "मावशी, सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळाली. पुढे हिमालयातही चालेल." रिकाम्या सॅकचंच वजन सव्वादोन किलो. आत जागा होती म्हणून जीन्स, दोन टॉवेल, शाम्पूची मोठी बाटली आणि लाडवांचा स्टीलचा डबाही आला. सगळं मिळून १४ किलो. मुलीची उंची पाच फूट एक इंच.

खिंडीच्या चढावरच तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. सॅकची पाठ तिच्या पाठीपेक्षा लांब होती. त्यामुळे कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर न बसता खाली सरकायचा आणि सगळा भार खांद्यांवर यायचा. वर बघायला गेली की सॅकचं टोपण डोक्याला आपटायचं. उतारावर घसाऱ्यात सॅक एका बाजूला झुकली, तिच्यासोबत तीही गेली. तळहात सोलला, एवढ्यावर निभावलं. मग तिची सॅक मी घेतली, तिला तिच्याच उंचीच्या मैत्रिणीची दिली आणि माझी त्या मैत्रिणीच्या उंच भावाने घेतली. तेच १४ किलो माझ्या पाठीवर जड होते, पण खांद्याला काच नव्हता, कारण माझी पाठ लांब आहे. पोरगी कुमशेतपर्यंत नीट चालली.

पाठ मोजायला दोन मिनिटं लागतात. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी जे हाड ठळक लागतं, तिथून टेप सुरू करा. कंबरेच्या हाडांवर हात ठेवा, अंगठे पाठीकडे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ मणक्याला छेदते तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा आकडा. सॅकची पाठ या आकड्याशी जुळणारी हवी. उंचीवरून हा आकडा काढू नका. सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठी वेगळ्या निघतात.

दुकानात जाताना मी घरून पाच किलो तांदूळ आणि दोन लिटरची भरलेली बाटली नेते. सॅकमध्ये भरते, आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळते, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. वीस मिनिटं चालते, जिने चढते-उतरते. दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे. रिकामी सॅक आरशासमोर घालून घेणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरी चूक म्हणजे आधी सॅक आणि मग सामान. उलट करा. सगळं सामान जमिनीवर मांडा, त्यातलं काय मागे ठेवता येईल ते बघा, उरलेलं मोजा. सह्याद्रीत दोन दिवसांसाठी ३५ ते ४० लिटर भरपूर होतात. रिकामी सॅक सव्वा किलोच्या आत असावी. हिमालयात जायचं ठरेल तेव्हा मोठी सॅक भाड्याने आणा.

हल्ली व्हिडिओ बघून पहिल्याच ट्रेकला बिनफ्रेमची (पाठीला आधार देणारा सांगाडा नसलेली), कागदासारख्या कापडाची सॅक घेणारे भेटतात. आठ-नऊ किलोच्या पुढे अशी सॅक भार कंबरेवर नेत नाही. शिवाय करवंदीच्या जाळीत तिची चाळण होते. सामान कमी करायला शिकण्याआधी सॅक हलकी करण्याची घाई नको.

रेन कव्हरवर विसंबू नका. पाठीकडून ओघळणारं पाणी ते अडवत नाही आणि घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात उडून जातं. मी आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालते, त्यात कपडे आणि स्लीपिंग बॅग, वर पीळ देऊन गाठ.

कॅरीमॅट (झोपायची गुंडाळी) बाहेर आडवी बांधू नका, कारवीच्या झुडपांत अडकते. बाटलीचा खिसा सॅक न काढता हाताला लागतो का, ते दुकानातच बघा.

आणि सॅक आधीच चुकीची घेतली असेल, तर जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर भरा. खांद्याचे पट्टे थोडे सैल सोडा, कमरेचा आवळा. पट्टा हाडावर टिकतच नसेल तर ती सॅक तुमच्यापेक्षा उंच माणसाला देऊन टाका. भाचीची ६५ लिटरची सॅक आता माझ्याकडे आहे. तिने ३८ लिटरची घेतली, तांदूळ भरून, जिने चढून.