बरोक काळातलं धार्मिक रेखाटन वाचताना या चुका टाळा

१७व्या शतकातलं, म्हणजे युरोपातल्या बरोक कलाशैलीच्या काळातलं, एखादं रेखाटन समोर आलं की नजर आधी चेहऱ्यावर जाते. वर लागलेले डोळे, गालावर अश्रू, छातीवर हात. 'काय ही वेदना!' म्हणून आपण मोकळे होतो. पहिली गल्लत इथेच होते.

इटलीतल्या चेंतो गावचा चित्रकार ग्वेर्चिनो (१५९१–१६६६) घ्या. पश्चात्ताप करणारी येशूची अनुयायी मग्दालीया मरीया आणि रडणारा येशूचा शिष्य पेत्र हे त्याचे आवडते विषय. त्याचेच कशाला, त्या काळच्या कॅथलिक चित्रकारांपैकी अनेकांचे. यामागे वाद होता. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, हा संस्कारच आहे की नाही, यावर प्रोटेस्टंटांशी जुंपली होती. कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने १५५१ मध्ये तो संस्कार असल्याचं ठासून सांगितलं आणि १५६३ मध्ये चित्रांनी भाविकांना शिकवावं, भक्ती जागवावी असं ठरवलं. म्हणजे मरीयेचे अश्रू हे त्या वादातलं उत्तरही आहे. पेत्राचं तर आणखी नेमकं: येशूला नाकारणारा हा माणूस रडतो, त्याला क्षमा मिळते, आणि तरी स्वर्गाच्या किल्ल्या त्याच्याच हाती. पोपची गादी त्याच्यापासून चालत आली असं मानणाऱ्यांना हे चित्र का हवं होतं, हे वेगळं सांगायला नको.

एकदा हे कळलं की दुसरी चूक होते: प्रत्येक रेघेत धर्मशास्त्र दिसू लागतं! कच्च्या आराखड्यात कोपऱ्यात देवदूत आहे, पूर्ण झालेल्या चित्रात नाही, म्हणून लगेच गूढ अर्थ शोधू नका. ग्वेर्चिनो आकृतीमागे पैसे घेई. पूर्ण आकृतीचा दर वेगळा, अर्ध्या आकृतीचा वेगळा. १६२९ पासूनची त्याच्या कारखान्याची हिशेबवही उपलब्ध आहे. देवदूत गिऱ्हाइकाच्या खिशाला परवडला नसेल, हीही शक्यता धरा.

प्रभावळीचंही, म्हणजे संतांच्या डोक्याभोवतीच्या तेजोवलयाचंही, असंच. संत फ्रान्सिस झेवियर, ज्यांचं शव जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत आहे, ते १५५२ मध्ये वारले. संतपद मिळालं १६२२ मध्ये. तेव्हा प्रभावळ नसलेलं रेखाटन १६२२ च्या आधीचं, असं गणित अनेक जण मांडतात. ते टिकत नाही. झरझर काढलेल्या आराखड्यात प्रभावळ सर्रास सोडून देत. उलट बाजूने मात्र एक धागा मिळतो: ज्यांना चर्चची मान्यता नाही त्यांना प्रभावळ दाखवू नये, असा हुकूम पोप आठवे अर्बन यांनी १६२५ मध्ये काढला. त्यामुळे नंतरच्या चित्रात ती कोणाला दिली आहे, हे तपासणं फायद्याचं.

तपकिरी रंगाला 'उदास छटा' म्हणायची घाई नको. मायफळ आणि हिराकस यांची शाई लिहिताना काळपट असते, काळाच्या ओघात ती तपकिरी पडते. (तपकिरी शाई मुळातही वापरत, त्यामुळे सरसकट हेच कारण धरू नका.)

आशीर्वाद देणारा हात डावा दिसला, तर पाखंड शोधण्याआधी ते रेखाटन छपाईसाठी होतं का ते पाहा. ठसा उलटा उमटतो. खडूच्या रेखाटनावर ओला कागद दाबून उतरवलेली प्रतही अशीच उलटी येते आणि मुळापेक्षा फिकट असते.

राहिलं खाली लिहिलेलं नाव. ते बहुधा नंतरच्या संग्राहकाने घातलेलं असतं. अक्षराची शाई आणि रेघांची शाई जुळते का, एवढं तरी भिंगातून पाहून घ्या.