पाणी गार, प्रोसेसर तापलेला

प्रोसेसरला पाण्यानं गार ठेवणारा वॉटर कूलर असूनही काँप्युटर सुरू करताच प्रोसेसर ९० अंशांवर जातोय? प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णतावाहक पेस्ट बदलण्याआधी रेडिएटरला, म्हणजे पाणी गार करणाऱ्या पंखेवाल्या जाळीला, हात लावून बघा. तो गार लागला तर उष्णता तिथवर पोचतच नाहीये आणि पहिला संशय पंपावर घ्यावा. बायोसमध्ये (काँप्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) पंपाचा आरपीएम (मिनिटाला फेरे) शून्य दिसत असेल तर वायर निसटलीय का ते तपासा. पंप चालू आहे पण गुळगुळ आवाज येतोय, म्हणजे हवा अडकलीय. रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच हवं. जोडणी नवीच असेल तर कूलरच्या प्रोसेसरवर टेकणाऱ्या तांब्याच्या तळावरची प्लॅस्टिकची फिल्म काढलीय ना? हसू नका, भल्याभल्यांची राहते. रेडिएटरही गरम असेल तर मात्र जाळीतली धूळ झाडा, पंखे फिरताहेत का बघा.